चुकलेला गोळा कुठे जातो?

टेबलावर मांडलेल्या युद्धखेळात एक विलक्षण गोष्ट सतत घडत असते आणि खेळणाऱ्यांच्या ती क्वचितच ध्यानात येते. तुमची तोफ समोरच्या पलटणीवर गोळा टाकते. तुम्ही फासा टाकता. चार किंवा त्याहून अधिक पडले तर नेम लागला, तीन किंवा कमी पडले तर हुकला. हुकला म्हणजे नेमके काय झाले? काहीच नाही. समोरचा खेळाडू सुटकेचा निःश्वास सोडतो आणि डाव पुढे सरकतो. त्या पलटणीच्या मागे वीतभर अंतरावर त्याचीच दुसरी तुकडी उभी असते, पण चुकलेल्या गोळ्याच्या दृष्टीने ती जणू दुसऱ्याच जगात असते.

आजचा धागा त्या हुकलेल्या गोळ्याविषयी आहे. खेळात तो नाहीसा होतो. रणात तो कुठेतरी पडत असे, आणि जिथे पडे तिथे कुणीतरी असे.

हा प्रश्न मी बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावर मांडणार आहे, आणि त्याला कारण आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला, सीमेला लागूनच असलेल्या भोकरदन तालुक्यात असई आहे (२३ सप्टेंबर १८०३). पूर्वेला, संग्रामपूरला खेटून असलेल्या तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे, ज्याला इंग्रजी पुस्तके ‘अरगाव’ म्हणतात (२९ नोव्हेंबर १८०३). आणि जिल्ह्याच्या पोटात साखरखेर्डा आहे, जिथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला. असई आणि अडगाव जगभरच्या युद्धखेळांत आवडीने मांडल्या जाणाऱ्या लढाया आहेत. साखरखेर्डा फारसे कुणी मांडत नाही, आणि हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया जिथे पक्का झाला त्या लढाईच्या वाट्याला ही उपेक्षा यावी, हे मला मुळीच पटत नाही. पण तो विषय वेगळा.

प्रथम गोळा समजून घेऊ. अठराव्या शतकातील मैदानी तोफेचा नेहमीचा गोळा म्हणजे भरीव लोखंडाचा चेंडू. तो फुटत नसे. सहा पौंडी तोफेचा गोळा सुमारे पावणेतीन किलोचा, मोठ्या मोसंब्याएवढा. तोफ जवळपास आडवी धरून डागली की गोळा माणसाच्या उंचीने जाई, काही शे पावलांवर पहिला टप्पा घेई, उसळे, पुन्हा टप्पा घेई आणि शेवटी जमिनीवरून लोळत जाई. या प्रवासात वाटेत जे जे येईल ते ते त्याचे. वेग मंदावलेला, लोळणारा गोळा पाहून त्याला पायाने अडवायला जाणाऱ्या नवख्या शिपायाचे पाऊल जाई, हा अनुभव युरोपभरच्या पलटणींत सांगितला जात असे.

याचा अर्थ असा, की अशा गोळ्याला ‘लागला’ आणि ‘हुकला’ अशा दोनच अवस्था नसतात. पहिल्या रांगेला लागलेला गोळा तिथे थांबत नाही, आणि पहिल्या रांगेवरून गेलेला गोळा संपत नाही. गोलंदाज एका बिंदूवर नेम धरी खरा. पण डागली जाई ती एक लांबलचक रेषा.

मराठी वाचकाला याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा पानिपतावर सापडतो. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने १७८० मध्ये फारसीत लिहिलेल्या हकिकतीत १४ जानेवारी १७६१ च्या तोफांच्या माऱ्याविषयी एक नोंद आहे. मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि जड होत्या, त्यांचा रोख चटकन बदलता येत नसे. त्यामुळे दोन्ही सैन्ये जवळ येऊ लागली तसे मराठी गोळे अफगाण फौजेच्या डोक्यावरून जाऊन मैलभर मागे पडू लागले. ही नोंद आपण नेहमी एकाच अर्थाने वाचतो: तोफखाना वाया गेला. डावाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण काशीराज ‘मैलभर मागे’ असे म्हणतो, ‘कुठेच नाही’ असे म्हणत नाही. अठराव्या शतकातील फौजेच्या मागे मैलभर अंतरावर मोकळे माळरान नसे. तिथे तळ असे, बाजार असे, ओझ्याची जनावरे असत, भिश्ती, मोतद्दार, घासवाले, स्वयंपाकी, बायकामुले असत. त्या गोळ्यांनी तिथे काय केले हे काशीराज सांगत नाही. त्याला ते विचारले कुणी असते असेही वाटत नाही.

आता टेबलाकडे वळू, कारण युद्धखेळाच्या इतिहासात या हुकलेल्या गोळ्याचे नशीब मोठे गमतीदार आहे.

आधुनिक युद्धखेळाचा उगम सहसा प्रशियात शोधला जातो. रायस्विट्झ या उमरावाने १८१२ मध्ये राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा याच्यापुढे भूप्रदेशाचे ठोकळे जुळवून खेळायचा एक पट मांडला. त्याच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यातील अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. ठोकळ्यांऐवजी १:८००० प्रमाणाचे नकाशे आले, दोन्ही बाजूंमध्ये पंच आला, आणि खास फासे आले. हे फासे साधे नव्हते. इतक्या अंतरावरून, इतक्या तोफांनी, चांगल्या किंवा वाईट स्थितीत मारा केला तर किती माणसे पडतील, याचे आकडेच त्यांच्या पृष्ठांवर होते. चांदमारीच्या प्रत्यक्ष चाचण्यांतून निघालेली सरासरी फाशावर येऊन बसली. प्रशियाच्या सेनापतींना या खेळाने भुरळ घातली ती यामुळेच.

सरासरी ही मोठी उपयुक्त वस्तू आहे. पण तिच्यात हुकलेला गोळा विरघळून जातो. शंभर गोळ्यांतून इतकी माणसे पडतात, एवढेच ती सांगते. ज्या तुकडीवर नेम धरला तिची माणसे मोजली जातात. उरलेल्या गोळ्यांचा हिशेब त्याच घटकेला बंद होतो.

याच्या अगदी उलट उदाहरण इंग्लंडमधले आहे. कादंबरीकार एच. जी. वेल्स याने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात शिशाचे शिपाई दिवाणखान्याच्या जमिनीवर मांडायचे आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडाचा इंचभर लांबीचा तुकडा उडवून ते पाडायचे. गोळीबारासाठी फासा नाही, कोष्टक नाही. तुकडा ज्याला लागेल तो पडला. साहजिकच घोडेस्वारावर धरलेला नेम चुकला की त्याच्या मागचा पायदळाचा शिपाई कोसळे. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांच्या गणितातून निसटलेली गोष्ट मुलांच्या खेळण्याने आपसूक पकडली, कारण त्या तोफेला कुणावर नेम धरला आहे हे ठाऊकच नव्हते. मला या दोन खेळांतला हा फरक फार मोलाचा वाटतो.

नंतरच्या काळात काही रचनाकारांनी हा निसटलेला गोळा पुन्हा टेबलावर आणण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेत फ्लेचर प्रॅटच्या आरमारी खेळात खेळाडू जहाजापाशी बाण ठेवून दिशा दाखवी आणि अंतराचा अंदाज इंचांत लिहून देई. मग मोजपट्टी लावायची. गोळा जिथे पडेल तिथे जे जहाज असेल त्याला तो लागला. ब्रिटनमध्ये चार्ल्स ग्रँटने १९७१ च्या ‘द वॉर गेम’मध्ये गोळ्याच्या टप्प्यांसाठी खुणा केलेली पट्टी वापरली. ती तोफेच्या तोंडापासून पुढे ठेवायची, की गोळा कुठे डोक्यावरून जातो आणि कुठे उसळून अंगावर येतो ते दिसे. ‘वॉरहॅमर’ या कल्पित जगातल्या खेळात तोफेच्या गोळ्याची उडी वेगळ्या फाशाने ठरवून त्या रेषेतले सगळे जण मोजण्याची पद्धत अनेक आवृत्त्यांत होती. शिवाय बाणाची खूण असलेला एक फासा होता. गोफणयंत्राचा दगड तो दाखवील त्या दिशेला भरकटे, आणि कधीकधी आपल्याच माणसांवर येऊन पडे. अशा वेळी टेबलाभोवती जो हशा पिकतो तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

तो फासा पाहिला की मला आपल्याकडचे बाण आठवतात. इथे बाण म्हणजे धनुष्याचा नव्हे. दारू भरलेल्या नळीला बांबू बांधून पेटवलेला. मोगल, मराठे, म्हैसूरकर, सगळ्यांच्या फौजांत बाणदार असत. बाण कुठे जाईल याची खात्री बाणदारालाही नसे. तो जमिनीवर आपटून वळे, उसळे, घोड्यांच्या पायांत शिरे. त्याची दहशत नेमामुळे नव्हती, नेम नसण्यामुळे होती. ‘लागला किंवा हुकला’ या नियमात बाण बसवणे अशक्य आहे.

असे असूनही बहुतेक नियमावल्यांत हुकलेला मारा शून्यच राहिला. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक हुकलेल्या गोळ्यासाठी आणखी एक फासा टाकायचा म्हटले तर तीन तासांचा डाव रात्रभर चालेल. हातघाईत गुंतलेल्या तुकडीवर गोळीबार करण्यास अनेक खेळांत सरळ बंदी असते, तीही याच व्यवहारी कारणाने. नियम म्हणून हे मान्य. माझी तक्रार आहे ती आपण त्या डावातून लढाई समजली असे मानून उठतो याविषयी.

असईत काय झाले ते पाहा. वेलस्लीने केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उतरायचे ठरवले. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, तर मध्ये उतार असलाच पाहिजे, हा त्याचा तर्क बरोबर निघाला. सामानसुमान त्याने मागे नळणीला ठेवले होते. शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या तोफांनी उताराच्या दिशेने मारा सुरू केला, तेव्हा एका गोळ्याने वेलस्लीच्या जवळच्याच एका स्वाराचे डोके उडवले. धड खोगिराच्या सामानात अडकून घोड्यावर तसेच राहिले, आणि बिथरलेला घोडा ते घेऊन बराच वेळ सैरावैरा धावत होता. एका प्रत्यक्षदर्शी इंग्रज अधिकाऱ्याने हे लिहून ठेवले आहे. त्या गोलंदाजाने त्या स्वाराला पाहिलेही नसेल. त्याने उतारावर रेषा ओढली होती.

पुढे इंग्रजांच्या तोफा मागेच राहिल्या. शिंद्यांच्या गोलंदाजांच्या अचूक आणि दाट माऱ्यात तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज इतके पडले, की पायदळाला तोफांवाचून चालून जावे लागले. त्या दिवशीची इंग्रजी हानी एकूण १,५८४ होती, आणि असई गावासमोरच्या माऱ्यात सापडलेली ७४वी पलटण जवळजवळ संपली. बैलांचा प्रसंग मात्र पुस्तकांत एका वाक्यात येतो आणि जातो. टेबलावर तोफेची सोंगटी आणि तिच्यासमोर बसलेले दोन-तीन गोलंदाज असतात. बैल बहुधा शोभेसाठी रंगवलेले असतात, नाहीतर नसतातच. हाकणाऱ्याची सोंगटी तर मी कुठेच पाहिलेली नाही. असईत मात्र बैल मेले म्हणून लढाईचे स्वरूपच बदलले.

त्याच लढाईतला आणखी एक प्रसंग. इंग्रज फळी तोफांवरून पुढे गेल्यावर, मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही मराठी गोलंदाज उठले, तोफा वळवल्या आणि पुढे गेलेल्या फळीच्या पाठीवर मारा करू लागले. धाडसाची परिसीमा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण त्या गोळ्यांची रेषा पुढे वाढवून पाहा. इंग्रज फळीच्या पलीकडे त्या वेळी शिंद्यांचीच मागे हटणारी पलटण होती. पाठीवरून हुकलेला गोळा कुणाकडे जात असेल, हे सांगायला कागद लागत नाही. कागद नाहीतच. इंग्रज हानी शेवटच्या आकड्यापर्यंत मोजलेली आहे. मराठी बाजूचे सुमारे १,२०० मृत रणात पडले होते, हा विजेत्यांचा अंदाज आहे. त्यात कोण कुणाच्या गोळ्याने पडले, हा प्रश्न त्या आकड्याला विचारता येत नाही.

दोन महिन्यांनी अडगावला तर हुकलेल्या माऱ्याने लढाईच जवळपास उलटवली. वेलस्लीची फौज दिवसभर चालून आली होती. सिरसोली गावाजवळून ती मोकळ्या मैदानात उतरू लागली, तसा दूरवरून मराठी तोफांचा मारा सुरू झाला. अंतर मोठे होते आणि नुकसान फार नव्हते. पण आघाडीच्या तोफांना जुंपलेले बैल बिथरले, हाकणाऱ्यांना आवरेनात, आणि ते उलटे फिरून मागून येणाऱ्या देशी पलटणींमध्ये घुसले. असईत ठाम उभ्या राहिलेल्या पलटणी इथे विस्कटून मागे पळाल्या. आपण जवळ नसतो तर तो दिवस हातचा गेला असता, असे खुद्द वेलस्लीने नंतर लिहिले. पलटणी पुन्हा उभ्या राहिल्या, संध्याकाळपर्यंत ३८ तोफा त्याच्या हाती आल्या, आणि एकूण इंग्रजी हानी साडेतीनशेच्या आसपास राहिली.

फाशाच्या भाषेत सांगायचे तर अडगावची सलामी सपशेल हुकली होती, आणि तिचा परिणाम असईतल्या कित्येक नेमक्या गोळ्यांहून मोठा झाला. नियमावलीत ‘मनोधैर्या’ची चाचणी असते, पण ती सहसा तुकडीची माणसे पडल्यावर घेतली जाते. इथे माणसे पडण्याआधीच बैलांनी ती घेतली.

साखरखेर्ड्याविषयी थोडक्यात सांगतो. मोगली परंपरेत सरदार हत्तीवरून लढे, म्हणजे फौजेला दिसेल इतका उंच, आणि म्हणूनच शत्रूलाही. नेम हौद्यावर धरला जाई. हत्तीभोवती सर्वांत दाट गर्दी असे ती पायी चालणाऱ्या हुजऱ्यांची, निशाणबरदारांची, खासबारदारांची. हौद्याला हुकलेला बाण किंवा गोळी या गर्दीखेरीज जाणार कुठे? मुबारिझखान दोन मुलांसह मारला गेला, गावाला विजयाचे म्हणून ‘फत्तेखेर्डा’ असे नाव मिळाले, आणि तवारिखांनी हौद्यावरच्यांची नावे जपली.

आपल्या भाषेत फौजेच्या मागे असणाऱ्या लोकांना एक नाव आहे: बुणगे. हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो, आणि पानिपतच्या पराभवाचे खापर त्यांच्यावर फोडायचीही आपल्याला सवय आहे. पण गोळ्याच्या रेषेच्या हिशेबाने पाहिले तर हुकलेल्या माऱ्याचे पहिले धनी तेच. दक्षिणेतल्या फौजांत त्यांची संख्या लढवय्यांहून सहज अधिक असे. हजेरीपटावर त्यांचे नाव नसे, म्हणून मृतांच्या यादीत नसे, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात नसे, आणि पुस्तकावरून बेतलेल्या खेळात त्यांची सोंगटी नसे. टेबलावरचा गोळा हुकून शून्यात जातो तो इथे. ते शून्य खेळाने निर्माण केलेले नाही. त्याला ते कागदपत्रांनीच हातात दिले.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी, अडगाव मांडताना मी सुचवीन ते असे. प्रत्येक तोफेमागे बैलजोडी आणि हाकणाऱ्याची सोंगटी ठेवा, आणि तिला स्वतःची मनोधैर्य चाचणी द्या, ती माऱ्याच्या आवाजावरसुद्धा लागू करा. फौजेच्या मागे टेबलाची शेवटची वीत मोकळी न सोडता तिथे तळ मांडा. तोफेचा फासा हुकला तर मोजपट्टी सरळ मागे न्या आणि पहिली जी सोंगटी आडवी येईल तिच्यासाठी एकदाच फासा टाका. सगळ्या हुकलेल्या गोळ्यांसाठी नको, फक्त तोफांच्या. डाव पंधरा-वीस मिनिटांनी लांबेल.

आणि जमीन विसरू नका. पावसाने भिजलेल्या मातीत गोळा रुततो, फारसा उसळत नाही. वॉटर्लूच्या चिखलाबाबत हे सर्वत्र सांगितले जाते. आपल्याकडची काळी कपाशीची जमीन सप्टेंबरात भिजलेली असते आणि नोव्हेंबर सरताना कडक होऊन भेगाळते. त्यामुळे असईची टप्पापट्टी आणि अडगावची टप्पापट्टी एकच असू नये, असा माझा कयास आहे. अडगावची लांब कापा.

पुढच्या धाग्यात गाविलगड, १५ डिसेंबर १८०३. तिथे गोळे डोंगरावरून खाली येत होते.